चेहऱ्याचे औषध आणि पहिले तीन महिने

दिवसपाळी सुटली म्हणजे मसाट आणि पिपरिया येथील कारखान्यांतून माणसांचे लोंढे सिल्वासाच्या बाजाराकडे वळतात आणि औषधांच्या दुकानांपुढे गर्दी होऊ लागते. कोणाला तापावरच्या गोळ्या हव्या असतात, कोणाला लहान मुलाच्या खोकल्यावरचे औषध. त्या गर्दीत बहुधा एखादी विशी-बाविशीची मुलगी ओढणीने अर्धा चेहरा झाकून कडेला उभी असते. इतर गिऱ्हाइके पांगल्यावर ती हलक्या आवाजात म्हणते, "दादा, चेहऱ्याला लावायचे काही चांगले द्या ना." तिच्या गालांवर आणि हनुवटीवर मुरुमे उठलेली असतात, जुन्या मुरुमांचे काळे डाग मागे राहिलेले असतात, आणि घरी तिच्या लग्नाची बोलणी चाललेली असतात. तिच्यापुढे एक ट्यूब येते. त्या ट्यूबवर बारीक अक्षरांत जी नावे छापलेली असतात, त्यांत 'ट्रेटिनॉइन' हे नाव पुष्कळदा आढळते.

हे एकच नाव दोन अगदी निराळ्या ट्यूबांवर असू शकते, आणि साऱ्या घोटाळ्याचे मूळ तेथेच आहे. एका ट्यूबमध्ये ट्रेटिनॉइन किंवा त्याच्याच कुळातील अडॅपलिन एवढेच औषध असते. ही ट्यूब डॉक्टर चिठ्ठीवर लिहून देतात. ती लावू लागल्यावर पहिले काही आठवडे चेहरा सुधारण्याऐवजी बिघडल्यासारखा दिसतो. खरा गुण यायला अडीच-तीन महिने लागतात. दुसऱ्या ट्यूबमध्ये ट्रेटिनॉइनच्या जोडीला हायड्रोक्विनोन आणि एखादे स्टेरॉइड मिसळलेले असते. तिने पंधरा दिवसांत चेहरा उजळ आणि गुळगुळीत होतो. पण ती महिनोन् महिने लावीत राहिले तर तोच चेहरा लाल, पातळ आणि उन्हाचा स्पर्शही न सोसणारा होऊन बसतो. पहिल्या ट्यूबने चेहरा सोलवटला म्हणून ती फेकून देणे आणि शेजारणीच्या सांगण्यावरून दुसरी आणणे, असा हा नेहमीचा प्रवास आहे. तो का घडतो हे कळण्यासाठी पहिल्या औषधाचे काम कसे चालते ते आधी पाहिले पाहिजे.

या कुळातील औषधांना रेटिनॉइड म्हणतात, आणि त्यांचा मूळ पुरुष म्हणजे अ जीवनसत्त्व. अंगणवाडीत लहान मुलांना जे पिवळसर, तेलकट औषध चमच्याने पाजतात ते हेच. नवव्या महिन्याला एक लाख एककांची मात्रा आणि पुढे पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी दोन लाखांची, असा तो क्रम असतो. रातांधळेपणा आणि त्यातून येणारे अंधत्व टाळण्यासाठी आपल्या देशात १९७० साली हा कार्यक्रम सुरू झाला. डोळ्यांशी असलेले या जीवनसत्त्वाचे नाते त्यामुळे घरोघरी ठाऊक झाले. त्वचेशी असलेले नाते मात्र फारसे कोणाला माहीत नाही. अमेरिकेत वोलबाख आणि हाऊ या दोघा संशोधकांनी १९२५ साली असे दाखविले, की ज्या उंदरांच्या आहारातून अ जीवनसत्त्व काढून टाकले, त्यांच्या शरीरातील मऊ, ओलसर अस्तरे कोरडी आणि शिंगासारखी कठीण होऊ लागली. म्हणजे पेशींनी केव्हा वाढावे, केव्हा कठीण व्हावे आणि केव्हा झडून जावे, या गोष्टींवर या जीवनसत्त्वाचा ताबा असतो.

मुरुमाची उत्पत्ती नेमकी याच ठिकाणी होते. चेहऱ्यावरील प्रत्येक सूक्ष्म छिद्राच्या तळाशी एक तैलग्रंथी असते. वयात येताना संप्रेरकांच्या प्रभावाने ती अधिक तेल स्रवू लागते. त्याच वेळी छिद्राच्या आतील भिंतीवरच्या पेशी सुट्या होऊन बाहेर पडण्याऐवजी एकमेकींना चिकटून राहतात. तेल आणि मृत पेशी यांचे मिळून एक बूच तयार होते. आत कोंडलेल्या तेलावर जंतू पोसले जातात, सूज येते, आणि मग वर लाल पुळी दिसू लागते. आरशात आज दिसणारी पुळी अशी कित्येक आठवड्यांपूर्वी आत सुरू झालेली असते. रात्री खाल्लेल्या भज्यांवर किंवा पोटातल्या 'उष्णते'वर तिचा दोष लादण्याची आपल्याकडे फार जुनी सवय आहे. एका रात्रीत पुळी घडविण्याची शक्ती बिचाऱ्या भज्यांत नाही.

रेटिनॉइड हे बूच मुळात तयार होऊ देत नाही. पेशीच्या केंद्रात या द्रव्याला ओळखणारी ग्राहके असतात. १९८७ साली फ्रान्समध्ये पिएर शांबाँ आणि अमेरिकेत रोनाल्ड एव्हान्स यांच्या प्रयोगशाळांनी ती स्वतंत्रपणे शोधून काढली. औषध त्या ग्राहकांशी जुळले की पेशींची वाढ आणि झड यांचा क्रम बदलतो, चिकटलेल्या पेशी सुट्या होतात, आतले बूच सैल होऊन बाहेर येते. पण हे सारे चाललेले असताना त्वचेच्या वरच्या थराचीही झड वाढते. साल निघते, तोंड धुताना चुरचुरते, नाकाच्या आणि ओठांच्या कडा लाल होतात. शिवाय आत दबून बसलेली बुचे लवकर वर आल्यामुळे काहींच्या चेहऱ्यावर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पूर्वीपेक्षा अधिक पुळ्या दिसतात. त्वचेला औषधाची सवय होत जाते तसा हा त्रास ओसरतो, आणि आठव्या ते बाराव्या आठवड्याच्या सुमारास चेहरा स्पष्टपणे निवळू लागतो. ज्याला ही गोष्ट आधी कोणी सांगितलेली नसते, तो तिसऱ्या आठवड्यातच 'औषध अंगाला मानवले नाही' असे म्हणून ट्यूब फेकून देतो.

हे औषध त्वचेवर लावण्याची कल्पना युरोपातून आली. जर्मन त्वचावैद्य ग्युंटर श्टुटगेन यांनी १९६२ साली त्वचा अतिशय जाड होण्याच्या विकारांवर त्याचा उपयोग केल्याचे प्रसिद्ध केले. आणि १९६९ साली फिलाडेल्फियाचे आल्बर्ट क्लिगमन व त्यांचे सहकारी यांनी मुरुमांवरचा त्याचा गुण जगापुढे मांडला. दोन वर्षांनी अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. क्लिगमन यांचे नाव घेताना दुसरी एक गोष्ट झाकून ठेवणे योग्य होणार नाही. फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगातील कैद्यांच्या त्वचेवर त्यांनी कित्येक वर्षे प्रयोग केले. ते १९७४ साली थांबले, पण त्या कैद्यांच्या तक्रारी पुढे दीर्घकाळ ऐकू येत राहिल्या. ज्यांच्या पाठीवर हे ज्ञान मिळविले गेले, त्यांना नाही म्हणण्याची मोकळीक कितपत होती, हा प्रश्न औषधाच्या गुणामुळे पुसला जात नाही.

आता ट्यूब हातात आल्यावर काय करावे ते पाहू. डॉक्टरांनी सांगितलेला क्रम हाच प्रमाण मानावा, हे तर झालेच. तथापि दवाखान्यातील गर्दीत तो क्रम दोन वाक्यांत उरकला जातो आणि घरी येईपर्यंत त्यातले एक वाक्य विसरले जाते. औषध रात्रीच लावावयाचे असते. ट्रेटिनॉइन उजेडात लवकर निकामी होते हे त्याचे एक कारण. तोंड साध्या पाण्याने आणि सौम्य साबणाने धुवून, टिपून, वीस-तीस मिनिटे थांबावे. ओलसर त्वचेवर औषध अधिक झोंबते. मग वाटाण्याएवढे औषध बोटावर घ्यावे. ते संपूर्ण चेहऱ्याला पुरते आणि पुरवावयाचे असते. कपाळ, दोन्ही गाल, हनुवटी असे ठिपके देऊन ते पातळ पसरावे. डोळ्यांच्या पापण्या, नाकपुड्यांच्या कडा आणि ओठांचे कोपरे सोडून द्यावेत. ज्या ठिकाणी पुळी आहे तेवढ्यावरच औषधाचा टिळा लावण्याची पद्धत सर्रास दिसते. ती निरुपयोगी आहे, कारण उद्याची पुळी आज दिसत नसलेल्या जागी तयार होत असते.

आरंभ रोज करू नये, हे सर्वांत महत्त्वाचे. पहिले दोन आठवडे दर तिसऱ्या रात्री, पुढचे दोन आठवडे एका रात्रीआड, आणि त्वचा सोसू लागली की मग रोज, असा चढता क्रम बहुतेक डॉक्टर देतात. नाजूक त्वचेच्या माणसाला आधी मॉइश्चरायझरचा हात, वर औषध आणि पुन्हा मॉइश्चरायझर असेही सांगितले जाते. साल फारच निघू लागली तर दोन-तीन रात्री विश्रांती घेऊन पुन्हा आरंभ करता येतो. त्याने आतापर्यंतचे श्रम वाया जात नाहीत. उलट लवकर गुण यावा म्हणून दुप्पट औषध चोपडले, तर गुण दुप्पट न येता आग मात्र दुप्पट होते. आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेच्या बाबतीत ही आग केवळ त्या दिवसापुरती नसते. अशी त्वचा चिडली की तेथे काळा डाग उठतो आणि तो जायला महिने लागतात. गोऱ्या कातडीच्या देशांतले उतावळेपण आपल्याला म्हणूनच परवडत नाही.

सकाळच्या वेळी सनस्क्रीन लावणे हा या उपचाराचाच भाग आहे. दमणगंगेच्या पुलावरून रोज दुचाकीने वापीकडे ये-जा करणाऱ्या मुलाला हा नटवेपणा वाटतो आणि घरातली वडीलधारी माणसेही त्याला हसतात. पण वरचा थर पातळ झालेल्या त्वचेवर चैत्र-वैशाखाचे ऊन पडले म्हणजे ती हटकून काळवंडते. निदान ३० क्रमांकाचे सनस्क्रीन आणि त्यावर रुमाल किंवा ओढणी, एवढी तजवीज हवी. पावसाळ्यात हवा इतकी दमट असते की जाड, तेलकट मलम चेहऱ्यावर नकोसे होते. अशा दिवसांत पातळ लोशन किंवा जेल चालते. खोबरेल तेल मात्र मुरुमांच्या चेहऱ्याला लावू नये. डोक्याला चपचपीत तेल घालून घट्ट वेणी घालणाऱ्या मुलींच्या कपाळावर केसांच्या रेषेलगत बारीक पुळ्यांची रांग दिसते, ती याच तेलाची असते.

औषध चालू असताना लिंबू, खाण्याचा सोडा, टूथपेस्ट, खरखरीत उटणे आणि दगडाने घासणे ही सर्व घरगुती शस्त्रे बाजूला ठेवावीत. ब्यूटी पार्लरमध्ये जाणाऱ्या मुलींनी आणखी एक काळजी घ्यावी. वरच्या ओठावर किंवा गालावर वॅक्सिंग केल्यास केसांबरोबर कातडीचा पापुद्राच निघून येतो. ते टाळावे, आणि ब्लीचही टाळावे. पुष्कळदा डॉक्टर सकाळी लावण्यासाठी बेन्झॉइल पेरॉक्साइडचे जेल देतात. ते ट्रेटिनॉइनबरोबर एकाच वेळी लावले तर ट्रेटिनॉइन निकामी होऊ शकते, अडॅपलिनचे तसे होत नाही. या जेलने टॉवेलावर आणि उशीच्या अभ्ऱ्यावर पांढरे डाग पडतात, म्हणून रंगीत कापडे दूर ठेवावीत.

ज्यांना मूल होण्याची शक्यता आहे अशा स्त्रियांनी पहिल्याच भेटीत डॉक्टरांना तसे सांगितले पाहिजे. सिल्वासासारख्या गावात मुलगी दवाखान्यात आईबरोबर किंवा वहिनीबरोबर जाते, सून सासूबरोबर जाते, आणि हा प्रश्न तिला मोकळेपणाने विचारलाही जात नाही. त्वचेवर लावलेले औषध रक्तात फारच थोडे उतरते; तरीसुद्धा गरोदरपणात ते वापरू नये असाच संकेत आहे. औषध चालू असताना दिवस राहिल्याचे कळले तर घाबरून न जाता ते बंद करावे आणि डॉक्टरांना कळवावे. याच कुळातील आयसोट्रेटिनॉइन हे कॅप्सूलच्या रूपाने पोटात घ्यावयाचे औषध मात्र अत्यंत धोक्याचे आहे. त्याने गर्भाला गंभीर व्यंगे येतात. ते चालू असताना आणि थांबविल्यावर निदान एक महिना गर्भधारणा होता कामा नये. त्याच काळात पुरुषांनी किंवा स्त्रियांनी रक्तदानही करू नये, कारण ते रक्त एखाद्या गरोदर स्त्रीला दिले जाऊ शकते. मैत्रिणीला गुण आला म्हणून तिच्या पाकिटातल्या चार कॅप्सूल मागून घेणे म्हणजे काय, हे यावरून ध्यानात यावे.

आता त्या दुसऱ्या ट्यूबकडे वळू. तिचाही उगम क्लिगमन यांच्याकडेच जातो. वांग नावाचे जे काळसर पट्टे स्त्रियांच्या गालांवर उठतात, त्यांवर त्यांनी आणि विलिस यांनी १९७५ साली हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि एक स्टेरॉइड यांचे मिश्रण सुचविले. कल्पना शास्त्रशुद्ध होती. ट्रेटिनॉइनने जी आग होते ती स्टेरॉइडने शमावी आणि हायड्रोक्विनोनने डाग फिकट व्हावा, असा हा मेळ होता. अमेरिकेत २००२ साली अशा एका मिश्रणाला मान्यता मिळाली तेव्हा त्यात सौम्य स्टेरॉइड घातलेले होते आणि वापराची मुदत सुमारे आठ आठवड्यांची ठरविलेली होती. आपल्याकडे त्याच धर्तीच्या ट्यूबांत मोमेटासोनसारखे अधिक तीव्र स्टेरॉइड आले, आणि वांगावरचे अल्पमुदतीचे औषध गोरे होण्याचे मलम म्हणून वर्षानुवर्षे वापरले जाऊ लागले.

याची मोहिनी कशी पडते, हे आता कळणे कठीण नाही. स्टेरॉइडमुळे लाली आणि सूज तत्काळ दबते, ट्रेटिनॉइनची चुरचुर जाणवत नाही, रंग उजळतो. मुलीची मावशी म्हणते, "बघ, सोन्यासारखा चेहरा झाला!" पण आत कातडी विरत चाललेली असते. काही महिन्यांनी गालांवर लाल शिरांचे जाळे दिसू लागते, एकसारख्या दिसणाऱ्या बारीक पुळ्यांचे पीक येते, स्त्रियांच्या चेहऱ्यावर लव वाढते. मलम थांबविले की दोन-चार दिवसांत चेहरा लालबुंद होऊन भाजल्यासारखा जळतो, आणि ती आग शमविण्यासाठी माणूस पुन्हा त्याच ट्यूबकडे धावतो. व्यसनाचा जो क्रम, तोच हा. हायड्रोक्विनोन फार काळ लावीत राहिल्यास जो रंग घालवावयाचा तोच निळसर-काळा होऊन कायमचा बसण्याचेही प्रकार आहेत. आपल्या देशातील त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने या दुरुपयोगाविरुद्ध बरीच वर्षे आवाज उठविला, आणि २०१८ साली केंद्र सरकारने चौदा स्टेरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत असे ठरविले. नियम झाला, तरीही जुनी रिकामी ट्यूब दाखवून नवी मिळते, आणि एका घरातली ट्यूब तीन घरांत फिरते. नायट्यावर अशीच स्टेरॉइडची मिश्रणे चोळल्यामुळे तो दबून पसरत राहतो, ही याच दुखण्याची दुसरी शाखा. पण तो स्वतंत्र विषय आहे.

तेव्हा ट्यूब विकत घेताना तिच्या पुढच्या बाजूवरील गोंडस नावापेक्षा मागची बारीक अक्षरे वाचावीत. मोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन यांपैकी एखादे नाव तेथे असेल तर ते स्टेरॉइड होय. असे मलम आधीपासून चालू असेल तर ते एकाएकी सोडल्याने होणारा त्रास डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोसणे बरे. काही वेळा ते क्रमाक्रमाने कमी करावे लागते.

एक गोष्ट कारखान्यांतील कामगारांविषयी. सूत आणि प्लास्टिक यांच्या कारखान्यांत यंत्रतेलाशी ज्यांचा सतत संबंध येतो, त्यांच्यापैकी काहींच्या दंडांवर, मनगटांच्या वर आणि मांड्यांवर काळ्या तोंडाच्या पुळ्या उठतात. त्या वयाच्या मुरुमांपेक्षा वेगळ्या असतात. तेलाने भिजलेले कपडे अंगावर तासन् तास राहिल्याने छिद्रे बुजून त्या होतात, आणि कपडे बदलणे, काम संपताच साबणाने धुणे हा त्यांवरचा पहिला उपाय आहे. चेहऱ्याची ट्यूब मांडीवर चोळून तेथे फारसे साधत नाही.

सिल्वासात श्री विनोबा भावे सिव्हिल हॉस्पिटल आहे आणि २०१९ साली सुरू झालेले वैद्यकीय महाविद्यालय त्याला जोडलेले आहे, त्यामुळे त्वचेच्या तपासणीसाठी सुरत किंवा मुंबईचा रस्ता धरण्याची गरज सहसा उरलेली नाही. तपासणीला जाताना आतापर्यंत चेहऱ्याला लावलेल्या सगळ्या ट्यूबा, रिकाम्या आणि दुमडलेल्या असल्या तरी, एका पिशवीत घालून न्याव्यात. "पांढरी ट्यूब होती, निळे झाकण होते" एवढ्या वर्णनावरून डॉक्टरांना काही उमगत नाही. त्या दुमडलेल्या ट्यूबेच्या मागील बाजूवरून मात्र स्टेरॉइड कोणते आणि ते किती तीव्र हे त्यांना कळते, आणि नवे औषध लगेच सुरू करावे की आधी चेहरा शांत होऊ द्यावा हे त्यावरच ठरते.